गाणे सगळ्यांच्या तोंडी, गाणारा कुणाच्या ध्यानी?

परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली ती १० डिसेंबर २०२४ रोजी. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, आणि त्यानंतर भीमवस्त्यांमधून पोलिसांचे कोम्बिंग ऑपरेशन. घराघरांतून तरुण उचलले गेले. कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. चळवळीत हयात घालवलेले विजय वाकोडे त्याच दिवसांत हृदयविकाराने गेले. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

या सगळ्याची कागदोपत्री नोंद आहे. शवविच्छेदनाचा अहवाल आहे, चौकशीचा अहवाल आहे, न्यायालयांचे आदेश आहेत. नोंद नाही ती एका गोष्टीची. त्या डिसेंबरपासून सोमनाथवर आणि संविधानावर जी गाणी झाली, मोबाईलवरून गावोगाव फिरली, ती लिहिली कोणी? पहिल्यांदा म्हटली कोणत्या वस्तीत? ढोलकीवर कोण होते? आम्ही बऱ्याच जणांना विचारले. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. ज्या समाजाने आपल्या मुलाच्या मरणाचा एकेक कागद मिळवण्यासाठी न्यायालयाचे दरवाजे ठोठावले, त्या समाजाला त्याच मुलावरचे गाणे कोणाचे हे सांगता येत नाही. आजचा विषय हा आहे.

हा प्रश्न आम्हाला एका अमेरिकन सिनेमामुळे पडला, हे कबूल केले पाहिजे. २०२५ साली आलेला ‘सिनर्स’ हा रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा सिनेमा आमच्या ओळखीच्या कॉलेजातल्या मुलांनी मोबाईलवर पाहिला आणि आम्हालाही पाहायला लावला. १९३२ सालचे मिसिसिपी राज्य, कापसाची शेते, गिटार वाजवणारा एक गरीब कृष्णवर्णीय पोरगा, आणि त्याच्या मागे लागलेला रक्तपिपासू. त्या रक्तपिपासूला रक्त तर हवेच आहे, पण त्याला खरे हवे आहे ते पोराचे गाणे. मुलांना भुताखेतांचा खेळ आवडला. आम्ही मात्र तेवढ्या एका गोष्टीवर अडकलो. कारण हे भूत खोटे नाही. अमेरिकेच्या इतिहासात ते कोट घालून, करारनामा हातात घेऊन वावरले आहे.

ब्लूज नावाचे हे गाणे जन्मले गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या पिढ्यांत. १८६५ मध्ये साखळदंड तुटले, पण जमीन मिळाली नाही. मालकाच्याच शेतात अर्धेलीने राबायचे, वर्षअखेरीस हिशेब मालकाच्या वहीत, आणि त्या वहीत कर्ज कधी फिटत नाही. मराठवाड्यात सालगड्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. अशा शेतांवर शनिवारी रात्री एकटा माणूस गिटार घेऊन बसायचा आणि रात्रभर लोकांना नाचवायचा. ‘ब्लू’ म्हणजे निळा. तिकडे तो उदासीचा रंग आहे. आपल्याकडे तो झेंड्याचा आहे. हा फरक नुसता रंगाचा नाही, त्याकडे पुढे येऊ.

गिटार मिळण्याआधी ही पोरे काय वाजवत होती? घराच्या लाकडी भिंतीला दोन खिळे ठोकायचे, खराट्याला गुंडाळलेली तार सोडवून त्या खिळ्यांना ताणून बांधायची, खाली एक बाटली अडकवायची, आणि एका हाताने तार छेडत दुसऱ्या हातातली काच तारेवरून फिरवायची. एक तार, एक बाटली. ‘डिडली बो’ म्हणतात त्याला. आपले तुणतुणे आठवा. एक पोकळ डबा, खाली चामडे, एक काठी, एक खुंटी, एक तार. सात समुद्रांच्या अंतरावरच्या दोन समाजांना कोणी एकमेकांचा पत्ता दिला नव्हता. ज्याच्याकडे काही नसते त्याच्याकडे एक तार असते, एवढाच त्याचा अर्थ. नंतर टपालाने मागवलेली स्वस्त गिटार हाती आली तरी बाटलीचा गळा बोटात घालून तारांवर फिरवण्याची रीत त्या भिंतीवरूनच आली, आणि पुढे जगातल्या बड्या बड्या वादकांनी ती उचलली.

चार्ली पॅटन हा त्यातला एक आद्य माणूस. डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर वाढला. १९२७ हे साल आपल्याला महाडच्या पाण्यासाठी पाठ आहे: २० मार्च. त्यानंतर अवघ्या महिनाभरात, २१ एप्रिलला, मिसिसिपी नदीचा बंधारा फुटला आणि हजारो घरे पाण्याखाली गेली. गोऱ्यांना बोटीतून हलवले. कृष्णवर्णीय मजुरांना बंधाऱ्यावर बंदुकीच्या धाकाने अडकवून मातीच्या गोण्या उचलायला लावल्या, कारण ते गेले तर परत येणार नाहीत आणि मग कापूस वेचणार कोण! पॅटनने १९२९ मध्ये या पुरावर गाणे रेकॉर्ड केले. उंचावर जावे म्हटले तर तिकडची वाट आपल्यासाठी बंद आहे, असे तो त्यात सांगतो. एकीकडे तळ्याच्या पाण्याला हात लावायची बंदी, दुसरीकडे पुराच्या पाण्यातून बाहेर पडायची बंदी. वर्तमानपत्रांनी जे नीट लिहिले नाही ते त्या गाण्यात आहे. म्हणून हे गाणे नुसती करमणूक नव्हे, तो त्या समाजाचा दस्तऐवज आहे असे अमिरी बराका यांनी १९६३ मध्ये ‘ब्लूज पीपल’ हे पुस्तक लिहून मांडले.

आता या दस्तऐवजाचे पुढे काय झाले ते पाहा.

१९२० मध्ये एका कृष्णवर्णीय गायिकेची तबकडी धडाक्याने खपली आणि कंपन्यांच्या ध्यानात आले की ही गरीब माणसेही तबकडी विकत घेतात. ‘रेस रेकॉर्ड’ म्हणजे जातवार तबकड्यांचा धंदा सुरू झाला. त्यातली एक मोठी कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची होती! गायकाला एका गाण्याचे काही डॉलर हातावर टेकवायचे, गाण्याची मालकी कंपनीच्या किंवा दलालाच्या नावावर. ब्लाइंड लेमन जेफरसन हा टेक्सासचा अंध गायक. त्याच्या तबकड्या देशभर खपल्या. १९२९ च्या डिसेंबरात शिकागोच्या थंडीत तो मेला आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड लागायला १९६७ उजाडावे लागले. ब्लाइंड विली जॉन्सन हाही अंध, रस्त्यावर गाणारा. त्याने १९२७ मध्ये गायलेले एक शब्दाविनाचे गाणे, नुसते गुणगुणणे आणि गिटार, अमेरिकेने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवले, मानवजातीची ओळख म्हणून. स्वतः विली घराला आग लागल्यावर त्याच जळक्या घराच्या ओलीत झोपला आणि १९४५ मध्ये तापाने मेला. त्याचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेला आहे.

सगळ्यात गाजलेला रॉबर्ट जॉन्सन. १९११ चा जन्म, १९३८ मध्ये मृत्यू, वय २७. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात त्याने २९ गाणी रेकॉर्ड केली, बस्स. त्याच्या नावाचे दगड तीन वेगवेगळ्या दफनभूमींत आहेत. १९९० मध्ये त्याच्या गाण्यांचा संच निघाला तो दहा लाखांवर खपला. मग वारस कोण, हा खटला. गिट्टीचा ट्रक चालवणारा त्याचा मुलगा न्यायालयात आयुष्याच्या उतारावर वारस ठरला.

या रॉबर्ट जॉन्सनबद्दल एक दंतकथा जगभर सांगतात. त्याला म्हणे गिटार येत नव्हती, मध्यरात्री चौरस्त्यावर त्याने सैतानाला आत्मा विकला आणि रातोरात वादक झाला. १९६० नंतरच्या गोऱ्या रसिकांना ही कथा फार प्यारी. खरी हकीकत अशी की तो काही काळ आपल्या जन्मगावाकडे जाऊन आइक झिमरमन नावाच्या कृष्णवर्णीय वादकाकडे राहिला आणि शिकला. रात्री दोघे कबरस्तानात सरावाला बसत, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नाही! झिमरमनच्या मुलीने ही आठवण सांगून ठेवली आहे. म्हणजे गुरू होता, मेहनत होती, रियाज होता. पण मळ्यावरच्या मजुराच्या पोराने मेहनतीने विद्या मिळवली हे पचत नाही, म्हणून सैतान आणावा लागतो.

आपल्याकडे सैतान आणत नाहीत. आपल्याकडे म्हणतात, ‘यांच्या रक्तातच गाणं असतं.’ कौतुकाने म्हणतात. ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. पण त्यात तीच चोरी आहे. वरच्या जातीचा गवई असेल तर त्याचे घराणे सांगतील, गुरू सांगतील, किती वर्षे पहाटे उठून खर्ज लावला ते सांगतील. आपला गायक असेल तर रक्त! वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म, मुंबईत मोलमजुरी केली, अक्षरओळख मोठेपणी करून घेतली, १९४३ पासून गाणी लिहायला लागले आणि २००४ पर्यंत, म्हणजे ६० वर्षे, लिहीत आणि गात राहिले. उर्दू गझलेचा बाज त्यांनी समजून घेतला, सिनेमाची चाल कुठे घ्यायची आणि कुठे मोडायची हे ठरवले. हे रक्तात असते तर सगळ्यांनाच जमले असते.

आणखी एक भेद सांगितला पाहिजे. गाण्या-वाजवण्याचे काम आपल्यावर गावगाड्याने लादलेले होते. पाटलाच्या घरच्या लग्नात हलगी, डफडे, सनई वाजवायची ती बलुत्याच्या तुकड्यासाठी. बाबासाहेबांच्या चळवळीत आणि धर्मांतरानंतर गावोगाव लोकांनी ही सक्तीची कामे नाकारली, त्यासाठी बहिष्कार सोसला. पण गाणे सोडले नाही. त्याचा मालक बदलला. सत्यशोधक जलशाची वाट पुढे नेत भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तमाशातला गण-गवळणीचा देव बाजूला सारला आणि त्या जागी माणूस आणला. ब्लूजमध्ये ‘मी’ बोलतो: माझी वाट, माझी बाई, माझे कर्ज. भीमगीतात बहुतेक वेळा ‘आम्ही’ बोलतो. तिकडच्या एकट्या गिटारवाल्याच्या मागे संघटना नव्हती, नेता नव्हता. आपल्या शाहिराच्या मागे बाबासाहेब उभे होते. म्हणून तिकडचा निळा उदास आहे आणि आपला फडकतो. अर्थात ब्लूज म्हणजे नुसते रडगाणे हेही खरे नाही. त्यात मालकाची टर उडवणारी गाणी आहेत, आणि तिथल्या गायिकांनी तर नवऱ्याच्या मारावर उघड बोलायची हिंमत केली. अँजेला डेव्हिस यांनी त्यावर १९९८ मध्ये आख्खे पुस्तक लिहिले.

आणि तुरुंग? तो दोन्हीकडे सारखा. सन हाउस, बुक्का व्हाइट हे पार्चमन नावाच्या कुप्रसिद्ध तुरुंगशेतावर राबून आलेले गिटारवाले. आपल्या बाजूला पाहायचे तर परभणी जिल्ह्यातून गोदावरी ओलांडली की बीडचा माजलगाव तालुका लागतो. तिथल्या भाटवडगावचे शाहीर आत्माराम साळवे नामांतराच्या लढ्यात गावोगाव गात फिरले. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, त्यानंतर मराठवाडाभर आपली घरे जळाली, परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. त्या काळात साळवेंच्या गाण्यावर खटले झाले, प्रवेशबंदीचे आदेश निघाले. १९९१ मध्ये ते गेले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. तो त्यांना पाहायला मिळाला नाही. विलास घोगरेंनी १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर डोक्याला निळे कापड बांधून स्वतःला संपवले. २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या कलावंतांना एल्गार प्रकरणात अटक झाली. सरकारला गाण्याची किंमत बरोबर कळते. ती आपल्यालाच कळत नाही, असे आम्हाला कधी कधी वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मिसिसिपी जॉन हर्ट नावाचा एक शेतमजूर गिटारवाला होता. १९२८ मध्ये त्याने काही गाणी रेकॉर्ड केली, गाण्यामागे २० डॉलर मिळाले, तबकड्या फारशा खपल्या नाहीत, तो परत आपल्या गावी ढोरे राखायला आणि शेत करायला गेला. पुढची ३५ वर्षे त्याला कोणी विचारले नाही. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा एक तरुण त्याला शोधत त्याच्या दारात येऊन उभा राहिला. पत्ता कसा मिळाला? कंपनीच्या कागदात नव्हता. हर्टने आपल्या एका गाण्यात आपल्या गावाचे, ॲव्हलॉनचे, नाव घातले होते. जुन्या नकाशात ते गाव सापडले आणि त्या गावात सत्तरीचा हर्ट जिवंत सापडला. पुढची तीन वर्षे, १९६६ मध्ये मरेपर्यंत, तो हजारो लोकांपुढे गायला. गाण्यात नाव होते म्हणून माणूस हाती लागला.

हे वाचून परभणीच्या माणसाला काय आठवावे? गंगाखेड! संत जनाबाईचे गाव याच जिल्ह्यातले. दळणकांडण करणारी दासी, तिच्या नावावर घर नाही, जमीन नाही. तिच्याजवळ अभंगाची शेवटची ओळ होती, आणि त्या ओळीत ती स्वतःचे नाव घालत राहिली. सातशे वर्षे ते नाव कोणाला पुसता आले नाही, कारण ते पुसले तर अभंगच मोडतो. आम्ही वारकरी नाही आणि जनाबाईच्या विठ्ठलाशी आमचे देणेघेणे नाही; पण दासीने आपली सही गाण्याच्या आत कोरून ठेवली, हे शहाणपण आमचे आहे. वामनदादांनी तेच केले. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतोच. नाममुद्रा म्हणतात तिला. सातबारा नसलेल्या माणसाचा तो सातबारा आहे.

आणि आपल्या जयंतीच्या मंचावर काय होते? गायक पहिली दोन कडवी म्हणतो आणि थांबतो. वेळ कमी असतो, पुढे मान्यवर बसलेले असतात. ज्या कडव्यात कवीचे नाव आहे तेच कापले जाते. कॅसेटच्या जमान्यात, आणि आता मोबाईलवरच्या व्हिडिओंत तर, अनेक ठिकाणी ते कडवेच नसते. वर नाव असते ते गाणाऱ्याचे, कंपनीचे आणि व्हिडिओ टाकणाऱ्याचे. काही महाभाग तर वामनच्या जागी स्वतःचे नाव बसवतात! हे कोणी मनुवाद्याने केलेले नाही. हे आपल्या मंचावर, आपल्या माणसांनी केले आहे.

इथे आक्षेप येईल: गाणे समाजाचे आहे, त्यात मालकी कसली आणता? वामनदादांनी कधी हक्क सांगितला का? नाही सांगितला, आणि तो त्यांचा मोठेपणा. पण मोठेपणा त्यांचा होता म्हणून विसरण्याची सोय आपली झाली. गाणे समाजाचे हे शंभर वेळा मान्य. भाकरी मात्र गायकाला स्वतःच्याच पोटात घालावी लागते. एलिझाबेथ कॉटन ही घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई. लहानपणी तिने केलेले आगगाडीचे गाणे १९५७ मध्ये इंग्लंडात दुसऱ्यांच्या नावावर गाजले. ती ज्या घरी कामाला होती ते सीगर कुटुंब गाणाऱ्यांचे होते, ते पाठीशी राहिले म्हणून गाणे पुन्हा तिच्या नावावर आले. विली डिक्सनला लेड झेपलिन या बड्या गोऱ्या बँडविरुद्ध दावा लावावा लागला, १९८७ मध्ये तडजोड झाली. आपल्या देशातही कायदा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा करारात सहसा काढून घेता येत नाही, आणि कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. किती आंबेडकरी गायकांच्या घरी हे माहीत आहे? आपल्यात वकील काय थोडे आहेत?

नोंद ठेवणारे कोण, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ मध्ये मिसिसिपीच्या मळ्यावर जाऊन मडी वॉटर्सचा आवाज टिपला. ते नाव सगळ्या पुस्तकांत आहे. पण त्याच पाहणीत फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क आणि इतर कृष्णवर्णीय अभ्यासक होते. त्यांचे हस्तलिखित धूळ खात पडले आणि छापले गेले थेट २००५ मध्ये. नोंद करणाऱ्यांतही जात असते. आपल्याकडे पुण्याच्या गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बायांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत, आणि प्रत्येक ओवीपुढे बाईचे नाव आणि गाव आहे. हे काम उत्तम. पण त्यासाठी फ्रान्सहून आलेला माणूस लागावा, याचा विचार आपण करायला हवा. भीमराव कर्डकांनी मात्र वाट पाहिली नाही. आंबेडकरी जलशांचा इतिहास त्यांनी १९७८ मध्ये स्वतःच पुस्तकात लिहून ठेवला. आज जलशावर पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला त्याच पुस्तकाच्या दारात जावे लागते.

कडूबाई खरात यांचे उदाहरण ताजे आहे. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ही बाई एका तारेचे वाद्य घेऊन वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांची गाणी म्हणत फिरली, त्यावर लेकरे वाढवली. कोणीतरी मोबाईलवर टिपले आणि ती महाराष्ट्राला माहीत झाली. मोबाईलने तिचे भले केले, हे मान्य. पण तिच्याआधी अशा किती बाया एकतारी घेऊन परभणी, पूर्णा, मानवतच्या वस्त्यांतून गेल्या असतील, ज्यांच्यासमोर कोणाचा मोबाईल नव्हता!

बाबासाहेब एका जलशाला आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा मान देत, असे सांगितले जाते. जयंतीत प्रत्येक वक्ता ते सांगतो. सांगून झाले की हारतुऱ्यांचे सत्कार सुरू होतात, ते दोन तास चालतात. गायन पार्टी मागच्या खुर्च्यांवर बसून असते. रात्री साडेनऊला त्यांचा नंबर लागतो आणि दहाला पोलीस येऊन स्पीकर बंद करतात. डीजेचे पैसे आगाऊ दिलेले असतात. पार्टीचे पाकीट ‘नंतर पाहू’ असते. आम्ही हे एका गावाचे सांगत नाही. वाचकांनी आपापल्या समितीचा मागच्या वर्षीचा हिशेब काढावा, डीजेचा आकडा आणि गायकाचा आकडा शेजारी शेजारी ठेवावा.

कार्यक्रमाची पत्रिकाही काढून पाहावी. वर उद्घाटक, अध्यक्ष, स्वागतोत्सुक, चाळीस नावे. खाली एका ओळीत गायकाचे नाव, आणि त्यापुढे दोन शब्द: ‘आणि संच’. त्या संचात ढोलकीवाला असतो, हार्मोनियमवाला असतो, तुणतुणे धरणारा असतो, मागे झील ओढणारे दोघे असतात. पालम, सोनपेठ, जिंतूर, सेलू, पाथरीच्या खेड्यांतून गेली पन्नास-साठ वर्षे अशा पार्ट्या फिरल्या. त्यातले बरेच जण गेले, काही आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत वह्या आहेत, पानांना वाळवी लागली आहे, नातवंडांना त्या कशाच्या ते माहीत नाही.

तेव्हा परभणी जिल्ह्यातील वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या गावच्या गायन पार्टीत कोण कोण होते, कोणत्या सालापासून गात होते, स्वतःची गाणी कोणी लिहिली, वह्या कोणाच्या घरी आहेत, हे एका कागदावर लिहून या दैनिकाकडे पाठवावे. जिवंत असतील त्यांच्याकडे मोबाईल घेऊन जावे आणि गाणे पूर्ण टिपावे, शेवटच्या कडव्यासकट. सोमनाथवरची गाणी ज्यांनी लिहिली त्यांनी तर आठवडा न लावता कळवावे, गाव आणि तारीख घालून. आणि ढोलकीवाल्याचे नाव विसरू नये.